चार सेन्सर आणि एक फ्यूज

आमचा पिकअप 2003 सालचा. क्लीव्हलँडच्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकलेलं मीठ त्यानं वीसेक हिवाळे खाल्लंय. खाल्ल्या मिठाला जागायचं सोडून तो गंजला.

ई-चेकची, म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी तपासणीची, तारीख जवळ आली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दिवा लागलेला असला की तपासणीत सरळ नापास. स्कॅनर लावला तर बिघाडाचे एकदम चार कोड: पी 0135, 0141, 0155, 0161. म्हणजे बँक 1 नि बँक 2, दोन्हीकडच्या दोन-दोन ऑक्सिजन सेन्सरांचे हीटर बंद. बँक म्हणजे व्ही-8 इंजिनाची एक बाजू. माझी मात्र खरीखुरी बँक डोळ्यांपुढे आली.

धुराच्या पाइपातला हा सेन्सर तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय तोंड उघडत नाही. आमच्या आप्पांना चहा लागतो, याला हीटर. तापला की 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये झोके घेत सांगत राहतो, पेट्रोल जास्त झालं की हवा.

मी चार नवे सेन्सर मागवून मोकळा झालो. रविवारी गाडीखाली शिरलो. 22 चा पाना, गंजतेल, हातोडी, आजीच्या ठेवणीतल्या दोन शिव्या. दोन तासांनी पहिला सुटला, पण निम्मे आटे सोबत घेऊन. डोळ्यात गंज, कानात तेल.

बायको चहा घेऊन आली नि खाली वाकून म्हणाली, "चारही एकाच दिवशी गेले? घरात चौघांना एकदम जुलाब लागले तर डॉक्टर आधी विचारतात ना, काल काय खाल्लंत?"

मी तिला गाड्यांचं तंत्रज्ञान समजावलं. ती आत गेल्यावर हळूच फ्यूजबॉक्स उघडला. चारही हीटरांना मिळून एकच पंधरा अँपिअरचा फ्यूज, आणि तो उडालेला! नवा लावला, किल्ली फिरवली, टक्. तोही गेला. पुन्हा खाली. गिअरबॉक्सवरची क्लिप तुटून वायरिंग एक्झॉस्टच्या पाइपवर रेललं होतं. प्लास्टिक वितळलेलं, आतलं तांबं पाइपला चिकटलेलं. वायर जोडली, बांधून वर घेतली. फ्यूज टिकला.

कोड मी उत्साहानं पुसले, तर गाडीतल्या संगणकानं स्वतः केलेल्या चाचण्याही पुसल्या गेल्या. त्या जवळपास सगळ्या पुऱ्या होईपर्यंत ई-चेकवाले दारात उभं करत नाहीत. म्हणून चार दिवस कामाशिवाय हायवेवर फिरतोय. दुकानदार विजेचे पार्ट परत घेत नाही. तीन सेन्सर देवघराखालच्या कपाटात आहेत, आणि बायकोनं त्या खोक्यावर लिहिलंय: "जुलाबावरचं औषध".