खुलासा : ‘38 जण नुसते बघत राहिले’ हे खरं नाही

न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज या तरुणीचा खून 38 शेजारी शेवटपर्यंत बघत राहिले, असा मजकूर पुन्हा फिरतोय. घटना 13 मार्च 1964 च्या पहाटेची. 38 हा आकडा मात्र वर्तमानपत्री. बहुतेकांना फक्त किंकाळी ऐकू आली. दुसरा हल्ला इमारतीच्या आत, जिन्यापाशी झाला. तो खिडकीतून दिसणार कसा? वरून एक जण ओरडल्यावर हल्लेखोर पहिल्यांदा पळाला होता. शेजारीण सोफिया फरार तर धावत खाली आली, तिने किटीला कवेत धरलं.

गर्दीत जबाबदारी वाटली जाते, एवढं खरं. मानसशास्त्रज्ञ डार्ली-लाताने यांच्या 1968 च्या प्रयोगात एकाला फिट आल्याचा आवाज एकट्याने ऐकणाऱ्यांपैकी 85 टक्के तो थांबायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा 31 टक्के. म्हणून ‘कुणीतरी फोन करा’ नको. बोट दाखवून सांगा: ‘निळा शर्ट, तुम्ही 108 लावा.’