अति तातडीची मोजणी

माझ्या वेळी आमच्या भूमी अभिलेख खात्यात जमीन मोजणीचे तीन प्रकार होते. साधी, तातडीची आणि अति तातडीची. जशी फी, तसा आमच्या पायांचा वेग. चौतीस वर्षं मी भूकरमापक होतो. बांधावरून भावाभावांत कोयते निघालेले असताना मधोमध उभं राहून फीत धरलेली आहे. म्हणून अधिकारवाणीने सांगतो, तेरा दिवसांत आठ देश अशी जी मोजणी आम्ही उभयता करून आलो, तिची फी खात्याने अजून ठरवलेली नाही.

मूळ सहल २०२० च्या मे महिन्यातली. आदल्याच वर्षी मी रिटायर झालो, ग्रॅच्युइटी बँकेत जरा टेकते न टेकते तोच हिने युरोप काढला. मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. "मोजणीला जाऊन येतो" म्हणून मी जुन्नर, आंबेगाव, खेड पायाखाली घातलं आणि ही घरी दोन पोरं आणि माझी आई सांभाळत बसली. तिचा हक्क केव्हाच लागला होता, नुसता फेरफार मंजूर व्हायचा बाकी होता. पण मार्च आला आणि विमानंच थांबली. पैशांऐवजी एक कागद हातात आला. मग माझा उजवा गुडघा, मग सुनेचं बाळंतपण, मग डावा गुडघा. या सगळ्या वर्षांत युरोप आमच्या घरात बसून वाढत गेला. मोबाईलवर बर्फ, टीव्हीवर बर्फ, शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुणाच्या तरी स्टेटसला बर्फ. मोनालिसा तर माझ्या डोक्यात वाढत वाढत चांगली दरवाजाएवढी झाली होती.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या पुष्कळ देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, आमचे कागद मागितले गेले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर, पेन्शनचा कागद, माणशी तीस हजार युरोचा विमा. वारस नोंदीलाही आम्ही इतके कागद मागत नव्हतो. मग दहा बोटांचे ठसे. आयुष्यभर मी पंचनाम्यावर लोकांचे अंगठे घेतले, आणि आता काचेवर माझीच बोटं उमटेनात. चुना आणि साखळी हाताळून रेषा गेल्या असाव्यात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, जरा जोरात दाबा." अगदी हेच वाक्य मी कितीतरी म्हाताऱ्यांना ऐकवलंय. त्या सगळ्यांची त्या दिवशी मनातल्या मनात माफी मागितली.

खिशात तीन मीटरची फीत ठेवायची सवय सुटलेली नाही. ती फीत युरोपातही माझ्याबरोबर होती. "अहो, ती बाहेर काढायची नाही," असं हिने मुंबईच्या विमानतळावरच बजावलं. मी म्हटलं, नाही काढत.

ग्रुप चाळीस जणांचा. आमचा टूर लीडर म्हणजे पंचविशीतलं हसतमुख पोरगं, सगळ्यांना काका-काकू म्हणणारं. पण त्याच्या हातात काही नव्हतं. खरा मालक होता ड्रायव्हर. युरोपात बसच्या ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच असा कायदा आहे. दिवसाचे तास ठरलेले, रात्रीची विश्रांती ठरलेली, आणि सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. त्यात खाडाखोड नाही, वरच्या साहेबाचा फोन नाही, काही नाही. कायदा उत्तम आहे. आपल्याकडे यायला हवा. फक्त आम्ही तिथे असताना नको होता.

कारण पहिलाच तडाखा पॅरिसला बसला. आयफेल टॉवर रात्री लखलखतो, दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, हे हिने पाच वर्षं पाहून ठेवलं होतं. पण दिवे दिसायला अंधार लागतो, आणि जूनमध्ये पॅरिसचा सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. ड्रायव्हरची ड्यूटी संपत होती साडेनऊला. तेव्हा आम्ही ३३० मीटरचा आयफेल टॉवर सणसणीत उन्हात पाहिला. उन्हात तो कसा दिसतो हे कोणी सांगत नाही, मी सांगतो. आपल्याकडे शेतातून हाय टेन्शनची लाइन जाते, तिच्या टॉवरला बढती मिळाल्यासारखा दिसतो. हे मी मोठ्याने बोललो. त्यानंतर ब्रसेल्सपर्यंत ही माझ्याशी कामापुरतंच बोलली.

दुसऱ्या दिवशी लूव्र. "काका, काकू, आपल्याकडे दीड तास आहे, मोनालिसा बघायची आणि दारातल्या काचेच्या पिरॅमिडखाली भेटायचं." त्या संग्रहालयात दीड तासात बघण्यासारखं म्हणजे स्वच्छतागृहाकडे जाणारा बाण. आम्ही पळतच सुटलो. त्या दालनात शिरलो तर पुढे माणसांचं शेत पिकलेलं, आणि कणसांच्या जागी प्रत्येकाच्या डोक्यावर मोबाईल. दोरीपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली. पोचल्यावर काचेपलीकडे ती. ७७ सेंटिमीटर उंच, ५३ रुंद.

मी सवयीने क्षेत्रफळ काढलं. पुरते साडेचार चौरस फूटसुद्धा भरेना. आमच्या कार्यालयातला नोटीस बोर्ड याहून मोठा होता आणि त्याच्यापुढे गर्दीही जास्त असायची. त्या बाईचं स्मित बघावं म्हणून मान वर करतो तोच मागून एका दणकट बाप्याने कोपर लावलं आणि मी हद्दीबाहेर.

ढकलला गेलो तो उलट्या दिशेला वळलो. तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं आणि त्याच्यापुढे मोजून नऊ माणसं. त्यातली चार थकून पाठ टेकायला जागा शोधत होती. व्हेरोनेझे नावाच्या चित्रकाराने १५६३ साली पुरं केलेलं, 'काना गावचं लग्न'. उंची पावणेसात मीटर, रुंदी दहा मीटरला जराशी कमी. गुणाकार केला आणि मटकन बाकावर बसलो. सातशे चोवीस चौरस फूट! आमच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया पाचशे पंच्याऐंशी आहे. म्हणजे आम्ही दोघं, मुलगा, सून, नातू आणि ते नको असलेलं शोकेस एवढं सगळं त्या चित्रात राहून वर एकशे एकोणचाळीस फूट गच्ची उरते. तिथली बायबलातली गोष्ट अशी की ऐन पंगतीत दारू संपते, आणि येशू पाण्याची दारू करून देतो. यजमानाची पंचाईत कशी झाली असेल ते आम्हाला कोणी सांगायला नको. २००८ साली मोठ्या भाच्याच्या लग्नात मठ्ठा संपला होता आणि आमच्याकडे येशू नव्हता, केटरर होता. चित्रात शंभराहून जास्त पाव्हणे, वाजंत्री, कुत्री, वरून वाकून बघणारे रिकामटेकडे, सगळा मामला ओळखीचा. नेपोलियनच्या सैन्याने हे १७९७ साली व्हेनिसहून उचलून आणलं. परत दिलंच नाही. सव्वादोनशे वर्षांचा कब्जा. आता कोण काढणार?

मी तिथेच रमलो, म्हणून पिरॅमिडखाली बारा मिनिटं उशिरा पोचलो. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. टूर लीडर घड्याळाकडे बघत होता, आणि ड्रायव्हर कुठेच बघत नव्हता, हे जास्त वाईट.

ब्रसेल्सच्या त्या जगप्रसिद्ध मुतणाऱ्या पोराबद्दल एवढंच सांगतो की तो जेमतेम दोनेक फुटांचा आहे, चौकात आहे ती प्रतिकृती आणि अस्सल पुतळा संग्रहालयात. त्याला हजाराहून जास्त पोशाख आहेत म्हणे. आम्ही गेलो त्या दिवशी धुण्याला टाकले असावेत. आणि त्याच्या धारेकडे बघत चाळीस माणसं स्वतःसाठी जागा शोधत होती. पोराला फुकट, आम्हाला माणशी एक युरो. ॲमस्टरडॅमबद्दल लिहीत नाही. मी झोपलो होतो.

जेवणाची तक्रार करणार नाही, कारण तक्रार करायला फरक लागतो. बारा रात्री, आठ देश आणि एकच मटार पनीर. प्रत्येक गावात एक भारतीय हॉटेल, प्रत्येक हॉटेलात तळघर, तळघरात आम्ही. फ्रान्सच्या नावावर मटार पनीर, जर्मनीच्या नावावर मटार पनीर. सांगलीच्या एक काकू पुष्कळ अनुभवी. त्यांनी तिसऱ्या रात्री पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि त्या क्षणापासून ग्रुपचं नेतृत्व टूर लीडरकडून त्यांच्याकडे गेलं.

सगळी भिस्त आता स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊ डोंगरावर होती. पाच वर्षं जो बर्फ घरात साठला होता तो हाच. ३४५४ मीटर उंचीवर रेल्वेचं स्टेशन! डोंगर पोखरून केलेली ती लाइन बघून मी खात्याचा माणूस म्हणून नतमस्तक झालो. सात वर्षांत करू म्हणून १८९६ ला काम काढलं आणि सोळा वर्षांनी, १९१२ साली, गाडी वर पोचली. स्वित्झर्लंडचंही काम लांबतं हे समजल्यावर जो गारवा वाटला तो वरच्या बर्फानेही दिला नाही.

खालच्या स्टेशनात वरचं हवामान दाखवणारा पडदा होता. तो पांढरा होता. नाशिकच्या डॉक्टरांना वाटलं बंद आहे. बंद नव्हता. तिकिटं आजचीच काढलेली, तेव्हा चाळीस जण शहाण्यासारखे गाडीत बसले. बोगद्यात काळोख, आणि वर सज्जात आल्यावर त्याच्या उलट.

"समोर अलेच हिमनदी," टूर लीडर म्हणाला. "आल्प्समधली सगळ्यात लांब. वीस किलोमीटरच्या वर!" आणि त्याने पांढऱ्यात बोट दाखवलं. आम्ही पांढऱ्यात बघितलं. वारा असा की माझी माकडटोपी स्वतःच गुडघे दुखत असल्यासारखी वाकत होती. सज्जाचा कठडा हाताला लागत होता एवढाच पुरावा. मी मनात पंचनामा केला. पूर्वेस धुके. पश्चिमेस धुके. उत्तरेस धुके. दक्षिणेस सांगलीच्या काकू. चतुःसीमा जुळली, पण मधली मिळकत सापडेना.

"दिसतंय का काही?" हिने विचारलं.

"नाणेघाट," मी म्हणालो. "ऑगस्टमधला."

ती हसली नाही. पाच वर्षं ती हे बघायला थांबली होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मग मी गप्प तिचा फोटो काढला. त्यात ती आहे, लाल स्वेटर आहे, बाकी कोरा कागद. आत जाऊन आम्ही कपातल्या कोरियन नूडल्स खाल्ल्या. तिखट होत्या. तेरा दिवसांत जिभेला काहीतरी झालं असं वाटण्याचा तो एकमेव प्रसंग, म्हणून त्यांची इथे नोंद घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरलाकनहून बस सुटली आणि सगळी बस एका बाजूला कलली. निळ्याभोर आकाशात युंगफ्राऊ आंघोळ करून उभी. नावाचा अर्थ कुमारी. लाजून काल पदर घेतला होता, पाव्हणे निघाल्यावर खाली टाकला. "फोटो स्टॉप करायचा का?" कुणीतरी विचारलं. ड्रायव्हरने मान हलवली. यंत्र चालू झालं होतं.

पुढचे देश वेगात झाले. लिखटेनश्टाइन अख्खा १६० चौरस किलोमीटर, आमच्या जुन्नर तालुक्यात असे सात-आठ देश सहज बसतील. तिथे पैसे भरून पासपोर्टवर शिक्का मारून मिळतो, त्या रांगेतच आमचा तो देश संपला. व्हॅटिकन ४४ हेक्टर. एका गटातली भाऊबंदकी याहून मोठ्या क्षेत्राची मी हाताळलीय, तीत पोप नव्हते एवढंच. आणि रोमच्या हॉटेलात, ही अंघोळीला गेलेली असताना, मी गुपचूप फीत काढून पलंग आणि भिंत यांच्यातलं अंतर मोजलं. अकरा इंच. आम्हा दोघांपैकी एकाला भिंतीकडे उतरताना तिरपं व्हावं लागत होतं, आणि तो एक मी होतो.

घरी आलो. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका-काकू चहाला आले. त्यांचं बुकिंग झालंय. तीच सहल, तितकेच दिवस, पुढच्या मे महिन्यात. काकांनी वहीच आणली होती. ही सांगायला बसली ती तासभर सांगत होती. आयफेल टॉवर, बोगद्यातली गाडी, "वर कसलं गार हो, हातच दिसेना!" एकही शब्द खोटा नव्हता. मी नुसता ऐकत होतो.

मग काकांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "काय हो, तुम्ही तर मोजणीवाले. ती मोनालिसा प्रत्यक्षात केवढी आहे?"

चौतीस वर्षांत मी कुणाच्या हद्दीत एक इंच इकडचा तिकडे केलेला नाही. दोन वेळा पाकीट परत केलंय, एकदा तहसीलच्या आवारात मार खाल्लाय. उत्तर सोपं होतं, ७७ बाय ५३. पण काकू पदर सावरून पुढे सरकल्या होत्या, काकांचं पेन वहीवर टेकलं होतं, आणि माझे हात आपोआप मांडीवरून उठले. उठले, आणि रुंदावत गेले. रुंदावत रुंदावत सोफ्याच्या दोन्ही टोकांना जाऊन थांबले.

"अशी," मी म्हणालो. "आणि उंचीला या दरवाजाएवढी."

हिने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, एकदा दरवाजाकडे, आणि कपबशा गोळा करून आत निघून गेली.