गाव त्यांचं, यजमान आपण

अहमदाबादची ती रात्र मला अजून बोचते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. भोसरीतल्या एका कंपनीतर्फे मी कटिंग टूल्स विकत होते, आजही तेच काम करते. अहमदाबादजवळच्या वटव्याच्या औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार सहा महिने आमच्या इन्सर्टच्या, म्हणजे टूलला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यांच्या, ट्रायल घेत होते. साठीच्या पुढचे गृहस्थ. सगळे त्यांना शेठ म्हणायचे, म्हणून मीही. शेवटची ट्रायल पास झाली आणि मी आनंदात म्हटलं, "शेठ, आजचं रात्रीचं जेवण माझ्याकडून." ते क्षणभर थांबले, मग "चालेल बेन" म्हणाले. मी इंटरनेटवर शोधून भरपूर तारे मिळालेलं हॉटेल निवडलं. शुद्ध शाकाहारी असल्याची खात्री केली आणि साडेआठचं टेबल सांगितलं. आपण सगळं नीट केलंय अशीच माझी समजूत होती.

शेठ मुलाला घेऊन वेळेवर आले. वेटरनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं तेव्हा ते मान हलवून म्हणाले, "मेरा चोविहार है." सूर्यास्तानंतर ते काहीच घेत नसत. अन्न नाही आणि पाणीही नाही. शेठ जैन, कित्येक वर्षांचा नेम होता. "तमे जमो बेन, मने आनंद छे," म्हणत ते दोन तास माझ्यासमोर बसून राहिले. मशीनबद्दल बोलले, नातीबद्दल बोलले. त्यांच्यापुढचं स्टीलचं ताट शेवटपर्यंत कोरडंच राहिलं. मुलगी लांबून आली आहे, तिला नाही कसं म्हणायचं, एवढ्यासाठी ते आले होते. म्हणजे त्या रात्री यजमानपण त्यांनीच निभावलं.

ऑर्डर मिळाली, पण मला तिचा आनंद घेता आला नाही.

त्याला आता सोळा वर्षं झाली. या काळात राजकोट, कोइमतूर, हावडा, कोल्हापूर, पुन्हा अहमदाबाद असं फिरणं चालू आहे. दर खेपेला एकदा तरी क्लायंटला जेवायला न्यायचं असतं. आमच्या क्षेत्रात नवीन आलेली मुलं मला विचारतात, "मॅडम, अमुक शहरात क्लायंटला न्यायला चांगलं हॉटेल सांगा ना." मी नावं सांगते, पण हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. फिरतीवरच्या माणसाची गोष्टच वेगळी असते. बिल आपण देणार म्हणून यजमान आपण, पण गाव समोरच्याचं. तिथे कुठे काय चांगलं मिळतं हे त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं. असं असूनही आपण त्याला त्याच्याच गावातल्या पंचतारांकित हॉटेलच्या बुफेला नेतो. तिथे पनीर मखनी, पास्ता आणि हाका नूडल्स एका ओळीत मांडलेले असतात. असलं जेवण कुठल्याही शहरात मिळतं आणि दुसऱ्या दिवशी कुणालाही आठवत नाही. खर्च मात्र चौपट होतो. मला तर हा पाहुण्याचा अनादर वाटतो. "तुमच्यासाठी मी पैसे मोजले, विचार नाही केला" असंच आपण त्याला सांगत असतो.

मी आता तारे बघत नाही. शहरात उतरले की क्लायंटच्याच कारखान्यात विचारते. पर्चेस मॅनेजरला नाही, कारण तो आपल्या हुद्द्याला शोभेल असं नाव सांगतो. डिस्पॅचमधला क्लार्क, स्टोअरचे जुने काका, गाडीचा ड्रायव्हर यांना विचारते. "चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की महागडं नाव येतं. "तुमच्याकडे पाहुणे आले की त्यांना कुठे जेवायला नेता?" असं विचारलं की माणूस थांबतो, आठवतो, आणि खरं नाव येतं. कधी कधी त्यावरून दोघांत वादही होतो. तो मी मुद्दाम ऐकते, सगळी माहिती त्यातच असते.

क्लायंटबद्दलची चौकशी मात्र त्याच्या ऑफिसातून आधीच करून घेते. कुठला वार पाळतात, श्रावण किंवा नवरात्र आहे का, कांदा-लसूण चालतो का, रात्री जेवतात का. हे विचारायला संकोच वाटतो असं बरेच जण म्हणतात. तो संकोच केल्याचं फळ मी पाहिलेलं आहे. आणखी एक गोष्ट सरळ विचारावी: पुरवठादाराकडून जेवण घेतलेलं त्यांच्या कंपनीत चालतं का? अनेक मोठ्या कंपन्यांत पर्चेसच्या माणसांना ते चालत नाही, किंवा त्याला रकमेची मर्यादा असते. अशा वेळी आग्रह म्हणजे समोरच्याच्या नोकरीशी खेळ. तिथे मी त्यांच्या कँटीनमध्ये जेवते, आणि तेही छान असतं.

शक्य झालं तर आदल्या दिवशी दुपारी एकटी जाऊन तिथेच जेवते. स्पीकर कुठे लावलाय ते बघते. ज्या टेबलावर मोठ्यानं बोलावं लागतं तिथे साठीचा माणूस पाच मिनिटांत गप्प होतो. कॅप्टनला भेटून सांगते की उद्याचं बिल माझ्याकडे आणायचं. हे बाईमाणसाला जास्तच नीट सांगावं लागतं. बिल मी मागितलं तरी वेटर ते समोरच्या पुरुषापुढे नेऊन ठेवतो. मग तो अवघडतो, खिशात हात घालतो, आणि सगळ्या संध्याकाळची घडी मोडते. आणि ड्रायव्हरच्या जेवणाची सोय मी स्वतः आत जायच्या आधी करते. गाडीत उपाशी माणूस बसलेला असताना मला घास जात नाही.

आता गावांबद्दल.

कोलकात्याला गेलात तर बंगाली क्लायंटला बंगाली जेवायलाच न्या. बालीगंजमध्ये '6 बालीगंज प्लेस' नावाचं ठिकाण आहे, पत्ता हेच नाव, जुना बंगला. बंगाली जेवण क्रमानं चालतं, आपल्या ताटासारखं सगळं एकदम वाढत नाहीत. आधी कडू शुक्तो, मग डाळ आणि तळलेली भाजी, मग मासा, मग मटण, मग आंबटगोड चटणी आणि पापड, शेवटी मिष्टी दोई. या क्रमामुळेच टेबल बोलतं राहतं. हावड्याच्या एका फाउंड्रीवाल्या बाबूंनी मला कडू आधी का, ते त्यांच्या आईच्या शब्दांत सांगितलं होतं. त्यानंतर दरांची घासाघीस करताना आम्ही दोघेही जरा मऊ होतो. एक सांगून ठेवते, पावसाळ्यात इलिश मागवायचा मोह होईल. चव अप्रतिम, पण काटे इतके बारीक की खाताना बोलणं अशक्य. मी रत्नागिरीची, मासे खातच वाढले, तरी सांगते, कामाचं बोलायचं असेल तर भेटकी पातुरी मागवा. बिनकाट्याचा मासा, वर मोहरीचं वाटण, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला. इलिश दुसऱ्या दिवशी दुपारी एकट्यानं, निवांत खावा.

कोइमतूरला मला एक मोठी गोष्ट समजली. तिथल्या एका पंप कारखान्याच्या मालकांची आई अंथरुणाला खिळलेली होती, संध्याकाळी ते घर सोडत नसत. मी दोनदा रात्रीच्या जेवणाचं विचारलं, दोनदा त्यांनी टाळलं. तिसऱ्यांदा तेच म्हणाले, "सकाळी साडेसातला अन्नपूर्णामध्ये या." श्री अन्नपूर्णा ही कोइमतूरची घरची जागा. सांबारात बुडालेली इडली, मेदूवडा, पितळी पेला-वाटीतली फिल्टर कॉफी. चाळीस मिनिटांत आम्ही दोन वर्षं अडकलेला विषय संपवला. सकाळी माणूस ताजा असतो, दिवसभराची कटकट डोक्यात शिरलेली नसते. क्लायंटचं जेवण रात्रीच हवं हा हट्ट मी तेव्हापासून सोडला.

तसंच मुंबईचं. ज्या परदेशी कंपनीचा माल आम्ही विकतो तिचे लोक आले की सगळे त्यांना रात्री समुद्र दिसेल अशा जागी नेतात. मी त्यांना बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात दुपारी नेते. 1923 पासूनचं इराणी हॉटेल, उंच छत, जुन्या लाकडी खुर्च्या, आणि इराणहून येणाऱ्या आंबटगोड झरेश्कचा बेरी पुलाव. बाहेर पडलं की बंदराचा भाग, दगडी इमारती, सावलीतून चालत बोलता येतं. या शहरात इराणी कसे आले, हे सांगता सांगता तो पाहुणा आपल्या गावाबद्दल बोलायला लागतो.

आणि कोल्हापूर. तिथे यजमान व्हायचं स्वप्न पाहू नका. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेले एक क्लायंट आहेत, त्यांना मी बुधवारी मटणाच्या ताटाला ओपल हॉटेलला नेलं. (वार बघूनच जा, सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत पाळतात.) तांबडा, पांढरा, पुन्हा पांढरा. मटणाच्या अळणीत नारळाचं दूध घातलेला तो पांढरा रस्सा वाटीनं पितात, आणि "बास" म्हटलेलं तिथे कुणी ऐकत नाही. हात धुऊन काउंटरवर गेले तर पैसे घ्यायला कुणी तयार नाही. आल्या आल्याच त्यांनी गल्ल्यावर सांगून ठेवलं होतं. मी रागावले. ते म्हणाले, "म्याडम, पाव्हणं आमच्या गावात येऊन बिल देत्यात व्हय? आमची काय इज्जत ऱ्हाईल?" मी त्यांचं ऐकलं. तेव्हापासून ते मला ताई म्हणतात आणि पुण्याला आले की माझ्याकडे जेवतात. काही गावांत पाहुणा होणं हेच आपलं काम असतं, तिथे पाकीट खिशात ठेवावं.

वटव्याचे शेठ मात्र माझ्या मनातून गेले नव्हते. पुढच्या थंडीत मी पुन्हा गेले, आणि या वेळी दुपारचं आमंत्रण दिलं. लाल दरवाजाला सिदी सैयद मशिदीसमोर मंगलदास गिरधरदास या गिरणीमालकांची 1924 सालची हवेली आहे, आता तिथे हॉटेल आहे. तिच्या गच्चीवरच्या जेवणाच्या जागेचं नाव आगाशिये. अगाशी म्हणजे गच्ची, हा शब्द आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडीही असे. आदल्या दिवशी फोन करून जैन ताट सांगून ठेवलं. थंडीत गुजरातेत उंधियूचा मोह आवरत नाही, पण त्यात कंद, रताळं, बटाटा, सगळं जमिनीखालचं, ते शेठना चालणार नव्हतं. त्यांच्यासाठी वेगळ्या भाज्या आल्या. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे पाहुणचाराचा सगळा भार ताटावर असतो, आणि ते ताट तो भार पेलतं. शेठ जेवले, दोनदा वाढून घेतलं. जेवल्यावर आम्ही समोर जाऊन मशिदीची जाळी पाहिली. दगडात कोरलेलं झाड, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. शेठ म्हणाले, लहानपणी वडिलांबरोबर आलो होतो, त्यानंतर आजच. गाव त्यांचं होतं, जाळी मात्र त्यांना कित्येक वर्षांनी दिसली. मला फार बरं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात ते पत्नीसह पुण्याला आले होते. मी त्यांना घरी बोलावलं. पाच वाजता जेवण, असं आधीच ठरलं. नवरा ऑफिसातून लवकर आला. चिंचगुळाची आमटी, भेंडीची भाजी, भात, तूप, पुरणपोळी केली. कच्चं दही आणि डाळ एका जेवणात त्यांना चालत नाही, हे एव्हाना मला ठाऊक होतं, म्हणून दही घातलंच नाही. दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं घालून खमंग काकडी केली.

जेवण झाल्यावर शेठनी ताटात घोटभर पाणी घेतलं, बोटानं सगळीकडून ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग ताट उपडं करून मला दाखवलं आणि हसले. साडेपाच वाजले होते, खिडकीत अजून ऊन होतं.