तो झुरत नाही, काका

नमस्कार काका,

'सापाचा रंग उडाला म्हणजे तो पेटीत झुरतोय, आणि तुम्ही त्याचं कौतुक करताय. लहानपणी गारुड्याच्या टोपलीतला नागही असाच मातकट दिसायचा,' असं तुम्ही आमच्या पाळीव सापावरच्या माझ्या लेखातला फोटो बघून लिहिलंत. तुमची कळकळ पोचली. नागाबद्दल तुमचं अगदी खरं आहे, त्यावर येतेच. पण आमच्या सापाबद्दल नाही.

आमचा कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला एक बिनविषारी साप, इथे ओहायोत घरी आला तेव्हा बुटाच्या नाडीएवढा होता. राखाडी अंग, त्यावर विटकरी ठिपके. आज ते राखाडी नारिंगी झालंय. फ्लोरिडाच्या रानातली पिल्लंही वाढताना अशीच रंग धरतात. न्यू गिनीतला ग्रीन ट्री पायथन तर अंड्यातून पिवळाधमक नाहीतर तांबडा निघतो आणि मोठेपणी हिरवा होतो, रानातही आणि पेटीतही.

त्या हिरव्याचीही गंमत आहे. पुष्कळ हिरव्या सापांच्या कातडीत हिरवं रंगद्रव्य नसतंच. वरच्या पेशींत पिवळं असतं, खालच्या पेशींतले बारीक स्फटिक निळा प्रकाश परतवतात. दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. कॉलेजात बरणीतला हरणटोळ, म्हणजे आपल्याकडचा हिरवा साप, पाहून मी जर्नलमध्ये तो निळा रंगवला होता. बाईंनी सांगितलं, स्पिरिटमध्ये पिवळं विरघळून गेलं, निळं तेवढं उरलं.

आता तुम्हाला खटकलेला फोटो. तो कात टाकायच्या आठवडाभर आधीचा आहे. त्या दिवसांत जुन्या आणि नव्या कातडीमध्ये द्रव साठतो, अंगावर धुरकट झाक येते, डोळे दुधी-निळसर होतात. मग डोळे निवळतात आणि दोन-चार दिवसांत कात निघते. खालचा रंग तेव्हा इतका ताजा असतो की हात लावावासा वाटतो.

मात्र फिकेपणा नेहमीच निर्धोक नसतो. पहिल्या हिवाळ्यात आमच्याकडे हीटरने हवा कोरडी ठाक झाली आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. अंग मातकट दिसत होतं. वयाचा बदल असेल, असं धरून मी गप्प बसले. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं आवळून राहिलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर रक्त अडून टोक गेलं असतं. ती चूक माझीच. तेव्हापासून पेटीत ओल्या शेवाळाचा डबा असतो.

गारुड्याचा नाग मातकट दिसायचा, कारण तो रानातून धरलेला, दात तोडलेला, उपाशी आणि तहानलेला असायचा. तशा सापाची कात नीट निघणार तरी कशी? भारतात नाग, धामण धरून पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. आता सुरुवातीलाच घातलं आहे.

तो फोटो लेखातून काढून टाकत नाही, त्याखाली 'कात टाकण्यापूर्वी' एवढं जोडलंय. शेजारी निघालेल्या कातीचा फोटो टाकलाय. अख्खी, एकसंध आहे. डोक्याकडे मोठा करून बघा, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यासुद्धा दोन्ही निघाल्यात.