सिंथिया रॉथरॉक ‘कधी लढलीच नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अमेरिकेची मार्शल आर्ट्स विजेती आणि अ‍ॅक्शन अभिनेत्री सिंथिया रॉथरॉक हिची एखादी जुनी क्लिप फिरायला लागली की तिच्यामागोमाग एक मजकूरही फिरतो: ‘ही बाई पाच वर्षं वर्ल्ड चॅम्पियन होती म्हणे, पण फक्त कातामध्ये (म्हणजे समोर प्रतिस्पर्धी नसताना करून दाखवायच्या ठरलेल्या हालचालींमध्ये). खरी लढाई कधी केलीच नाही. हाँगकाँगवाल्यांना गोरा चेहरा हवा होता म्हणून सिनेमा मिळाला. पडद्यावर दिसतं ती कॅमेऱ्याची करामत. म्हणूनच हॉलिवूडने तिला विचारलं नाही.’ हे इतक्या ठामपणे पुढे ढकललं जातं की आता एकेक मुद्दा घेणं भाग आहे.

काताचं अर्धं खरं आहे. 1981 ते 1985 ती अजिंक्य राहिली ती फॉर्म्स (म्हणजे काताच) आणि शस्त्रं या प्रकारांत, कुमितेत म्हणजे समोरासमोरच्या लढतीत नाही. पण या प्रकारांत स्त्री-पुरुष असे वेगळे गट नव्हते, हे त्या मजकुरात कुणी लिहीत नाही. ती पुरुष स्पर्धकांच्या बरोबरीने उतरून त्यांना मागे टाकत होती.

आणि ‘फक्त काता’ म्हणजे काय? डोक्याच्या उंचीला किक मारणं सरावाने पुष्कळांना जमतं. ती मारून गुडघा परत छातीशी ओढायचा, पाय न टेकवता त्याच पायाने दुसरी मारायची आणि मग पाऊल असं टेकवायचं की स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची ठेवण, जराही हलता कामा नये, इथे भल्याभल्यांची गाळण उडते. कुमितेत किंचित डळमळलात तरी फटका लागला की पॉइंट मिळून जातो. कातात परीक्षक ते डळमळणंच टिपायला बसलेले असतात. सिनेमाला नेमकं हेच कसब लागतं: तोच फटका, त्याच उंचीवर, समोरच्याच्या जबड्यापासून बोटभर अंतरावर, पुन्हा पुन्हा.

गोऱ्या चेहऱ्याचा मुद्दा. 1983 मध्ये हाँगकाँगची निर्मिती कंपनी अमेरिकेत ब्रूस लीचा वारस शोधत होती. रॉथरॉक तेव्हा कॅलिफोर्नियात प्रात्यक्षिकं करणाऱ्या एका चमूत होती. तिचं काम पाहिलं आणि करार तिच्याशी झाला. परदेशी चेहऱ्याचा फायदा झालाच असेल, नाकारायचं कारण नाही. पण हाँगकाँगच्या सिनेमात गोऱ्या कलाकाराच्या वाट्याला बहुतेकदा शेवटी मार खाणारा खलनायक यायचा. हिला 1985 च्या ‘येस, मॅडम’मध्ये अभिनेत्री मिशेल योच्या जोडीने नायिकेचं काम मिळालं. दिग्दर्शक कोरी युएन. हा माणूस लहानपणापासून चिनी ऑपेराच्या कडक तालमीत वाढलेला, जॅकी चॅन आणि सॅमो हुंगच्या बरोबरचा. त्याने पुढच्याच वर्षी ‘रायटिंग राँग्ज’मध्ये तिला पुन्हा घेतलं, तेही युएन बियाओ या अ‍ॅक्शन स्टारसमोर. असा माणूस नुसत्या रंगावर भाळून दुसऱ्यांदा बोलावत नाही.

आता कॅमेऱ्याची करामत. कमी फ्रेमवर चित्रण करून हालचाल थोडी वेगवान दाखवणं, कोलांट्यांना आणि उंचावरच्या पडण्याला डबल वापरणं, हे तिथे सर्रास चालायचं आणि मोठमोठ्या पुरुष स्टार्सच्या बाबतीतही चालायचं. मात्र वेग वाढवता येतो, तोल वाढवता येत नाही. ‘रायटिंग राँग्ज’मधली रॉथरॉक आणि कॅरेन शेपर्ड यांची मारामारी काढून बघा. शेपर्डही अमेरिकेतल्या फॉर्म्स स्पर्धांचीच विजेती. बघताना चेहऱ्याकडे नको, जमिनीवरच्या पायाकडे लक्ष ठेवा. किक सुटते तेव्हा टेकलेल्या पायाची टाच पूर्ण वळते, त्याबरोबर कंबर उघडते आणि किक तिच्या पूर्ण लांबीला पोहोचते. जिथे अख्खं शरीर एकाच चौकटीत दिसतं, तिथे हे खोटं करायला जागाच उरत नाही. मला विचाराल तर त्या दशकात दोन स्त्रियांची इतकी स्वच्छ मारामारी दुसरी नाही.

राहिलं हॉलिवूड. तिच्या 1990 च्या ‘चायना ओब्रायन’चा दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउज, म्हणजे ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ करणारा. तरीही तिचे अमेरिकन सिनेमे मुख्यतः व्हिडिओ कॅसेटच्या बाजारात गेले. तो बाजार तेव्हा प्रचंड होता आणि तिच्या नावावर तिथे कॅसेटी खपत होत्या, म्हणूनच तर एकामागून एक सिनेमे मिळत गेले. थिएटरचे पैसे आणि मोठं बजेट व्हॅन डॅम, सीगल या पुरुष अ‍ॅक्शन स्टार्सवर लागलं. काही सिनेमांच्या पटकथा खरंच सुमार होत्या, त्याचा मला आजही राग येतो, कारण त्या तिच्या लायकीच्या नव्हत्या.

हा दोष तिच्या कौशल्याचा म्हणणाऱ्यांनी मिशेल योकडे बघावं. मूळची बॅले नर्तिका, सिनेमासाठी लढणं शिकली आणि हाँगकाँगची पहिल्या फळीची स्टार झाली. मधली काही वर्षं लग्नामुळे तिने काम थांबवलं होतं हे धरलं, तरी हॉलिवूडने तिला पहिली मोठी भूमिका दिली ती 1997 मध्ये, बाँडपटात. ऑस्कर मिळालं 2023 मध्ये. तिच्यातही इतकी वर्षं काही कमी होतं, असं म्हणायचंय का?