बाईने पुलपिटावर उभं राहू नये? त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही आठवडे नवापूरपासून भुसावळपर्यंत आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं, की बाईने उपासनेत पुलपिटावरून (प्रवचनाच्या चौथऱ्यावरून) संदेश देणं, पुरुषांना शिकवणं, मंडळीचा वडील (ज्येष्ठ पुढारी) किंवा पाळक (धर्मगुरू) होणं हे पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे. कारणं चार दिली आहेत : प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत स्त्रियांना गप्प राहायला सांगितलं, येशूचे बाराही प्रेषित पुरुष होते, नव्या करारात एकही बाई पुढारी नाही आणि ही मागणी पाश्चात्त्य आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझे नातलगही आहेत. त्यांचा शास्त्रावरचा विश्वास खरा आहे, म्हणून शास्त्र उघडूनच बोलते.

पौलाचं वचन आहेच, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 1 करिंथ 14:34. पण तो अध्याय वरपासून वाचा. अन्य भाषेत बोलणाऱ्याजवळ अर्थ सांगणारा नसेल तर त्याने गप्प राहावं (वचन 28). एक जण संदेश देत असताना दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर पहिल्याने गप्प राहावं (30). मग स्त्रियांनी गप्प राहावं (34). ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. पहिल्या दोघांना आपण जन्मभरासाठी गप्प बसवत नाही. तिथे पौल उपासनेतला गोंधळ आवरतोय, हे आपल्याला लगेच कळतं. पस्तिसाव्या वचनात तर तो कारणही सांगतो : काही शिकायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं. म्हणजे विषय चालू सभेतल्या प्रश्नांचा आहे.

आता तीन अध्याय मागे या. अकराव्यात पौल म्हणतो, प्रार्थना करताना किंवा संदेश देताना स्त्रीचं मस्तक आच्छादलेलं असावं. आमच्याकडे प्रार्थनेला उभं राहिलं की प्रत्येक बाई डोक्यावर पदर घेते, ती याच अध्यायावरून. नाही घेतला तर मागून कुणीतरी आठवण करून देतं. पण हा पदर मुळात कुणासाठी सांगितलाय? मंडळीत तोंड उघडून प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बाईसाठी. पदर मागायचा आणि आवाज नाकारायचा, असं अर्धं वचन पाळता येत नाही.

दुसरं नेहमीचं वचन 1 तीमथ्य 2:12 : स्त्रीने शिकवावं किंवा पुरुषावर अधिकार चालवावा, याला पौल परवानगी देत नाही. ते त्याने आपला सहकारी तीमथ्य इफिस शहरात असताना त्याला लिहिलं, आणि खोटं शिक्षण पसरवणाऱ्यांना आवर घाल ही त्या पत्राची पहिलीच सूचना आहे. तिथे ‘अधिकार चालवणे’ म्हणून जो ग्रीक शब्द आलाय तो सबंध नव्या करारात फक्त याच ठिकाणी आहे. एरवी अधिकारासाठी पौल वेगळा शब्द वापरतो. आणि याच इफिसात काय घडलं होतं? प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी अपुल्लोसाला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये 18:26). अपुल्लोस शास्त्रात निपुण, वक्ता, पुरुष. तिथे प्रिस्किल्लेचं नाव नवऱ्याच्या आधी आलंय. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल तिला सलाम सांगतो. त्याने तिला कधी गप्प केलं नाही.

बारा प्रेषितांचा मुद्दा. ते बाराही पुरुष होते हे खरं, आणि रोमन कॅथलिक चर्चने 1994 मध्ये स्त्रियांना याजकपद नाकारताना हेच कारण दिलं. पण ते बाराही यहूदी होते. म्हणून आमच्याकडचा मावची किंवा कोकणी आदिवासी माणूस पाळक होऊ शकत नाही, असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही. आणि पुनरुत्थानाची बातमी प्रभूने आधी कुणाच्या हाती दिली? मग्दालीया मरीयेच्या. ‘माझ्या भावांकडे जाऊन सांग.’

एकही बाई पुढारी नाही? रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घ्या. फीबी ही किंख्रिया मंडळीची ‘सेविका’. ग्रीक शब्द दियाकोनोस. हाच शब्द पौल स्वतःसाठी आणि अपुल्लोसासाठी वापरतो. सातव्या वचनातल्या युनियेला चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्तोम या धर्मगुरूने प्रेषितांमध्ये गणली जाणारी स्त्री म्हणून वाखाणलंय.

चौथा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. 1885 च्या सुमारास पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला होत्या. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं अशी सूचना पुढे आली, तेव्हा हरकत घेतली ती इंग्रज बिशपांनी. रमाबाईंनी उत्तर दिलं, की माझी आई किंवा मी तरुणांना शिकवत होतो तेव्हा माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी आडकाठी केली नाही, इथले लोक करतात याचं मला आश्चर्य वाटतं. म्हणजे आडकाठी विलायतेची होती आणि शिकवणारी बाई आपल्या मातीतली. पुढे याच बाईने हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, 1924 मध्ये ते छापून बाहेर आलं. शास्त्राचं भाषांतर करणं हे शिकवणं नाही, असं कोण म्हणेल?

आणि खानदेशात? माझी आजी बायबलबाई, म्हणजे गावोगाव फिरून बायबल सांगणारी सेविका होती. पायी पाड्यापाड्यावर जायची, ओट्यावर बसून मावचीत येशूच्या गोष्टी सांगायची. ऐकणाऱ्यांत पुरुष असायचेच. त्यातल्या कितीतरी जणांनी पुढे बाप्तिस्मा घेतला. आजही संडे स्कूल बाया चालवतात, घरोघरच्या प्रार्थनासभा बाया घेतात, आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसून स्तोत्रं वाचतात. मला स्वतःला एका मंडळीत संदेश द्यायला बोलावलं होतं. निघताना निरोप आला : पुलपिटावरून नको, खाली उभं राहून बोला. मी खाली उभी राहून बोलले. वचन तेच होतं, ऐकणारेही तेच. मग त्या दोन पायऱ्यांनी कशाचं रक्षण केलं, हे मी अजून त्यांना विचारते आहे.

चर्च ऑफ साउथ इंडियाने 1976 पासून स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली, 2013 मध्ये आंध्रातल्या नंद्यालला पुष्पललिता बिशप झाल्या. तिथल्या मंडळ्या काही शास्त्र सोडून बसलेल्या नाहीत.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा जवळ आली आहे. पंचकमिटीसाठी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीसाठी) यंदा दोन बायांची नावं सुचवलीत, आणि हा मेसेज नेमका त्यानंतर आमच्या ग्रुपवर आला. दोघींनाही मी वर्षानुवर्षं ओळखते. सभेला मी पवित्र शास्त्र घेऊन जाणार आहे, वर सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी खूण घालून. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्या शेजारी येऊन बसावं, आपण एकत्र वाचू. मग माझं मत मी त्या दोघींना देईन.