फॉरवर्डमधला ख्रिस्ती धर्म

‘ख्रिस्ती धर्म चार वाक्यांत’ अशा थाटाचा मजकूर मराठी ग्रुपांवर अधूनमधून उगवतो. शब्द बदलतात, गाभा तोच असतो. बायबल म्हणतं की जग इसवी सनापूर्वी ४००४ साली सहा दिवसांत झालं, म्हणजे विज्ञान आणि हा धर्म एकत्र नांदूच शकत नाहीत. शेवटच्या दिवशी न्याय होणार आणि बाप्तिस्मा न घेतलेला प्रत्येक माणूस नरकात जाणार, मग तो गांधी का असेना. तारण, म्हणजे पापातून सुटका, नुसत्या विश्वासाने मिळतं, म्हणून आठवडाभर हवं ते करा आणि रविवारी पाद्र्याच्या कानात सांगून मोकळे व्हा. आणि शेवटचा टोला: हे सगळं मानायला डोकं गहाण ठेवावं लागतं.

मी ख्रिस्ती घरातला, उपासनेला जाणारा माणूस आहे. तेव्हा तटस्थपणाचा आव आणत नाही. टीकेचंही मला वावडं नाही. या मजकुरात एक आरोप खरोखर जड आहे, पण लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. सगळा जोर त्याने पोकळ आरोपांवर घालवला आहे.

आधी ते ४००४. हा आकडा बायबलच्या एकाही वचनात नाही. तो जेम्स अशर यांचा. हे आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप, आपल्या काळातले नावाजलेले विद्वान. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, पाचव्या आणि अकराव्या अध्यायांत आदामापासूनच्या पिढ्यांची वयं दिली आहेत. ती त्यांनी एकापुढे एक मांडली, बॅबिलोनच्या राजांच्या सनावळीशी जुळवली आणि १६५० साली आपला हिशेब प्रसिद्ध केला. यात हसण्यासारखं काही नाही, असले हिशेब केपलर आणि न्यूटन यांनीही मांडले होते. घोळ झाला तो पुढे. १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात ही सालं छापली जाऊ लागली आणि वाचणारे समासालाच वचन समजू लागले. गंमत म्हणजे ग्रीक अनुवादात त्याच पिढ्यांची वयं वेगळी आहेत. त्यामुळे बायझंटाइन कालगणनेत जगाची सुरुवात इसवी सनापूर्वी ५५०९ मध्ये धरत, आणि ज्यू पंचांग ती ३७६१ मध्ये धरतं. मजकूर लिहिणाऱ्याने यातलं नेमकं कुठलं साल बायबलचं मानायचं ते तरी सांगावं.

या आकड्याची झडती एकदा भर कोर्टात झाली आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, डेटन गावी, जुलै १९२५ मध्ये. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स नावाच्या शिक्षकावर खटला चालू होता. उकाडा आणि गर्दी एवढी की न्यायाधीशांनी कामकाज कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर हलवलं. बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी एक अजब डाव टाकला. सरकारी बाजूचे पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन, म्हणजे उत्क्रांतीविरोधी चळवळीचा देशातला सगळ्यात मोठा चेहरा, यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला उभं केलं. ४००४ चा विषय निघाला तेव्हा ब्रायन म्हणाले, तो बिशप अशर यांचा हिशेब आहे. डॅरो म्हणाले, पण तुम्ही कोर्टात दिलेल्या बायबलमध्ये तो छापलेला आहे. छापलेला होताच. मग सहा दिवसांवर प्रश्न आला, आणि ब्रायननी सरळ सांगितलं की ते चोवीस तासांचे दिवस होते असं मला वाटत नाही. त्यांचे पाठीराखे हिरमुसले. पण मुद्दा लक्षात घ्या: ‘सहा दिवस म्हणजे सहा दिवसच’ ही भूमिका उत्क्रांतीच्या त्या कट्टर विरोधकाचीही नव्हती.

हे शहाणपण काही विज्ञानाच्या धाकाने आलेलं नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य-चंद्र चौथ्या. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारलं होतं की सूर्यच नसताना पहिली संध्याकाळ आणि पहिली सकाळ झाली, हे कोण समंजस माणूस शब्दशः घेईल? जवळपास दोनशे वर्षांनी बिशप ऑगस्टिन म्हणतो की ते दिवस कसले होते याची कल्पना करणं महाकठीण, कदाचित अशक्य. वर तो आपल्याच लोकांना दटावतो की आकाश, तारे, प्राणी यांबद्दल बाहेरच्यांना चांगलं कळतं. तिथे शास्त्राचा हवाला देऊन बरळू नका, हसं होतं. माझ्या ओळखीच्या काही प्रवचनकारांना हे वाचून दाखवायची फार इच्छा आहे.

कारण पृथ्वी सहा-दहा हजार वर्षांचीच, असं छातीठोक सांगणारे आमच्यात आहेत, हे खरंच. १९६१ साली अमेरिकेत एक धर्मपंडित आणि एक जलअभियंता यांनी मिळून जलप्रलयावर पुस्तक लिहिलं, तिथून या मताने जोर धरला आणि व्हिडिओंच्या वाटेने ते आपल्याकडच्या मंडळ्यांतही पोचलं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे, तेव्हा हे मत चूक आहे. मात्र त्याला ‘ख्रिस्ती धर्म’ म्हणणं म्हणजे एका शाखेच्या एका गटाला सगळ्यांचं मुखत्यारपत्र देणं. कॅथलिक चर्चने उत्क्रांतीच्या अभ्यासाला १९५० मध्येच मोकळीक दिली आणि १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक उरलेलं नाही. विश्व प्रसरण पावतंय आणि एका आदिकणापासून निघालं असावं, हा विचार मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोपनी त्या सिद्धांतात निर्मितीचा पुरावा असल्याचं सुचवलं, तर लमेत्रना ते आवडलं नाही. भौतिकशास्त्राचा सिद्धांत धर्माच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष द्यायला उभा करू नये, असं त्यांचं मत. निर्मितीवरची श्रद्धा काय सांगते? जग आपोआप, आपल्या हिमतीवर उभं नाही, आणि ते मुळात चांगलं आहे. किती वाजता सुरू झालं, हा तिचा विषय नाही.

आता न्यायाचा दिवस. त्याची तारीख काढणाऱ्यांना दोन ओळी पुरेत: विल्यम मिलर या अमेरिकन प्रवचनकाराच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून वाट पाहिली आणि २३ तारीख नेहमीसारखी उजाडली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो की तो दिवस कुणालाच ठाऊक नाही.

‘बाप्तिस्मा नाही तो नरकात’ हा आरोप मात्र हवेतून आलेला नाही, आणि जड म्हणालो तो हाच. १४४२ साली कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स परिषदेने लेखी सांगितलं आहे की चर्चबाहेरचे, म्हणजे मूर्तिपूजकच नव्हे तर ज्यू आणि फुटीर ख्रिस्तीही, मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर अनंत अग्नीत जातील. हे लपवून प्रतिवाद करायचा तर तो करूच नये. आजही कित्येक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ख्रिस्ताचं नाव जाणीवपूर्वक न घेतलेल्याला आशा नाही असंच शिकवतात, आणि त्यांच्या हातात वचनं आहेत: मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.

मग मजकूर बरोबर आहे का? नाही. वचन तारण कोण करतो ते सांगतं. तो कुणाकुणाला तारील याची यादी आमच्या हाती दिलेली नाही. वधस्तंभावर येशूच्या शेजारी लटकलेल्या ज्या चोराला त्याने ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं सांगितलं, त्याचा बाप्तिस्मा कुठे झाला होता? बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की ज्यांना नियमशास्त्र मिळालंच नाही, त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं आणि त्यांचा विवेक साक्ष देतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला देखावा तर थेट न्यायासनाचा आहे. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. विचारपूस कशाची? भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडा दिला का, तुरुंगातल्याला भेटलात का. बाप्तिस्म्याचा दाखला कुणी मागत नाही. आणि उजवीकडच्यांना आपण प्रभूची सेवा केली हे माहीतच नसतं. ते चकित होऊन विचारतात, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं? उलट त्याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ‘प्रभू, प्रभू’ करणारे, त्याच्या नावाने भुतं काढणारे येतात आणि त्यांना उत्तर मिळतं की माझी तुमची कधी ओळख नव्हती. गांधी नरकात असं ठामपणे सांगणाऱ्याने, तो फॉरवर्ड करणारा असो की आमचा प्रवचनकार, हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचावेत.

चर्चनेही आपल्या कडक वाक्याचा अर्थ मर्यादित केला, आणि तोही कुणी बाहेरून डोळे वटारले म्हणून नव्हे. अमेरिकेत बॉस्टनमध्ये लिओनार्ड फीनी नावाचे येशुसंघी फादर होते. कॅथलिक नसलेल्या कुणालाही तारण नाही, हे ते अक्षरशः शिकवत. १९४९ मध्ये रोमने पत्र लिहून त्यांचा अर्थ चुकीचा ठरवला, रोमला बोलावलं तरी ते गेले नाहीत, आणि १९५३ मध्ये अवज्ञेबद्दल त्यांना बहिष्कृत केलं. चर्चबाहेर तारण नाही म्हणणारा स्वतःच चर्चबाहेर! १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट लिहिलं की आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि विवेकाला धरून चालतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि मजकुराने तो विचारायला हवा होता: मोजक्या वर्षांच्या पापाला न संपणारी शिक्षा हा कसला न्याय? यावर आमच्यातच सुरुवातीपासून वाद आहे. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी शेवटी सगळेच देवाकडे परततील असं म्हणत होता, आणि तो आजही संत म्हणून पूजला जातो. बहुसंख्य चर्च त्याच्याबरोबर गेलं नाही. माझं मन ग्रेगरीकडे झुकतं.

तिसऱ्या वाक्यात, ‘पाप करा आणि मोकळे व्हा’मध्ये, तर दोन शत्रूंची खिचडी आहे. ‘केवळ विश्वासाने’ ही घोषणा प्रोटेस्टंट चळवळीचा प्रणेता मार्टिन लूथर याची. पाद्र्यापुढे पापं सांगणं, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात तो संस्कार, कॅथलिकांचा. लूथरचं भांडण १५१७ मध्ये पेटलं तेच पापक्षमेच्या चिठ्ठ्या पैसे घेऊन खपवण्यावरून. म्हणजे पाप स्वस्तात धुऊन मिळतं या समजुतीविरुद्ध जी चळवळ उठली, तिच्याच माथी ही समजूत मारली आहे.

हा आरोप नवाही नाही. ‘चांगलं निष्पन्न व्हावं म्हणून वाईट करू या’ असं आम्ही शिकवतो अशी निंदा काही लोक करतात, ही तक्रार खुद्द पौलाने रोमकरांस पत्रात केली आहे, आणि ते पत्र साधारण इसवी सन ५७ चं. सहाव्या अध्यायात तो विचारतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? उत्तर: कधीच नाही. बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोब तर फटकारतोच. देव एक आहे असा विश्वास भुतंही धरतात आणि थरथर कापतात, कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. लूथरला याकोबाचं पत्र फारसं रुचत नसे, हे खरं. पण त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला ‘ख्रिस्ती माणसाला आज्ञांची गरज नाही’ म्हणू लागला, तेव्हा त्याच्यावर तुटून पडला तोही लूथरच. आणि १९९९ साली, ३१ ऑक्टोबरला, जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेने, आपल्या कर्तबगारीमुळे नव्हे, आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्माला लावते.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. अजामेळाने मरताना पोराला ‘नारायणा’ म्हणून हाक मारली आणि तो तरला, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात ऐकतो. म्हणून वारकऱ्यांना पाप करायची मुभा मिळाली, असं कुणी म्हणतं का?

राहिली ती रविवारची सोय. चोरीचा माल परत करायची तयारी नसेल तर पापमुक्ती लागू होत नाही, हा कॅथलिक नियम जुना आहे, आणि तो दात असलेला आहे. बार्तोलोमे दे लास कासास १५४५ मध्ये मेक्सिकोतल्या चियापासचे बिशप म्हणून आले. तिथले स्पॅनिश जमीनदार मूळ रहिवाशांना गुलाम करून गबर झाले होते आणि ईस्टरच्या आधी रीतीप्रमाणे पापं सांगून मोकळे व्हायला निघाले. लास कासासनी धर्मगुरूंना बजावलं की गुलामांना सोडल्याशिवाय यांना पापमुक्ती द्यायची नाही. पुढे लेखी नियमावली काढून लुबाडलेलं परत करायची अटही त्यांनी घातली. गावात दंगा उसळला. फुकटात सुटका मिळत असती तर त्या जमीनदारांना एवढं चवताळायचं कारण नव्हतं.

आता डोकं गहाण ठेवणं. याला मला पंडिता रमाबाईंशिवाय दुसरं नाव सुचत नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, ती बाई १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेते. आणि मग मान डोलावत बसते का? तिथे ज्या मठात ती राहत होती तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी ती पत्रांतून वर्षानुवर्षं भांडली. त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, तिला पटत नव्हता, तसं तिने लिहिलं. आपल्याकडच्या भटजींच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असंही सुनावलं. पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना ती म्हणते की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना तिने केडगावला आणलं ते त्याच्याही नंतर, आणि तिथेच बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम ती १९२२ मध्ये मरेपर्यंत करत राहिली.